चूक सापडली, पुढे काय?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होतात न होतात तोच ब्रॉसार्डमधल्या मराठी घरांत मुलांचं 'बुलेटिन', म्हणजे प्रगतिपुस्तक, येऊन पडतं. मॉन्ट्रियलसमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावरचं हे शहर. कॅनडातल्या या क्युबेक प्रांताच्या नियमानुसार पहिलं प्रगतिपुस्तक 20 नोव्हेंबरपर्यंत, दुसरं 15 मार्चपर्यंत आणि शेवटचं 10 जुलैपर्यंत पालकांना मिळायला हवं. त्यात मुलाच्या टक्क्यांशेजारी वर्गाची सरासरी छापलेली असते आणि आईबापांची नजर नेमकी तिथेच अडकते. पोरगं सरासरीच्या वर आहे की खाली, एवढं कळलं की कागद ड्रॉवरमध्ये जातो. शिक्षकाने खाली लिहिलेली टिप्पणी, म्हणजे त्या कागदाचा खरा जीव, बहुतेक घरांत न वाचलेलीच राहते.

1977च्या भाषा-कायद्यामुळे बाहेरून आलेल्या बहुतेक कुटुंबांची मुलं इथे फ्रेंच शाळेत जातात. फ्रेंच अजिबात न येणाऱ्यांसाठी स्वागतवर्ग असतात. अशा मुलाचं मूल्यमापन ही शिक्षकाची खरी कसोटी. फ्रेंचमध्ये सत्याण्णव म्हणजे 'चार वीस दहा सात'. हा आकडा ऐकून 8017 लिहिणारं मूल गणितात कच्चं नसतं. ऐकलेले तुकडे ते प्रामाणिकपणे एकापुढे एक मांडत असतं. त्याला आणखी बेरजा देऊन काय उपयोग? त्याला हवा असतो त्या संख्यानामाचा सराव. उत्तरावर फुली मारणारा शिक्षक हे शोधू शकत नाही. शेजारी बसून 'हे कसं लिहिलंस, सांग बघू' म्हणणाऱ्याला ते लगेच कळतं.

चूक समजून घेण्याचं हे महत्त्व क्युबेकने कागदावर फार पूर्वी मान्य केलं होतं. 2003च्या मूल्यमापन धोरणाचं नावच 'अधिक चांगलं शिकण्यासाठी मूल्यमापन' अशा अर्थाचं होतं. त्याआधी 2000पासून प्राथमिक शाळांत क्षमताधारित अभ्यासक्रम आला होता. पण पालक कुरकुरले, वर्तमानपत्रं तापली आणि 2007मध्ये शिक्षणमंत्री मिशेल कुर्शेन यांनी टक्के आणि सरासरी परत आणली. 2011पासून सगळ्या प्रांताला एकच प्रगतिपुस्तक लागू झालं. तीन सत्रांना अनुक्रमे 20, 20 आणि 60 टक्के वजन. वर्षाच्या शेवटी मूल कुठे पोहोचलं याला जास्त किंमत, ही त्यातली शहाणी गोष्ट. बाकी आकड्यांचा हट्ट तो हट्टच.

महाराष्ट्राची कहाणी याहून फार वेगळी नाही. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010ला अमलात आला, 20 ऑगस्टला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. पहिली-दुसरीला आकारिक (शिकता शिकता केलेलं) मूल्यमापन 70 आणि संकलित (सत्राअखेरचं) 30 टक्के, सातवी-आठवीला नेमकं उलटं नसलं तरी 40 आणि 60. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनंही ठरली. 2015ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आणि त्याच्या पायाभूत चाचण्या आल्या. शासन निर्णयांची ही यादी इथेच थांबवावी. शिक्षकांना ती पाठ आहे, इतरांना तिचा उपयोग नाही.

खरं काम शासन निर्णयांच्या आधी आणि त्यांच्या बाहेर झालं. लीलाताई पाटील यांनी 1985मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि क्रमांकांची शर्यत दाराबाहेर ठेवली. तिथे मुलाची तुलना मुलाच्या कालच्या कामाशी. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी पाहिलं की वस्तीतली मुलं वर्षानुवर्षं शाळेत जातात, पण त्यांना वाचता येत नाही. अमेरिकेतून येऊन भारतीय नागरिक झालेल्या या बाईंनी त्या एका निरीक्षणावर उभं आयुष्य लावलं. प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन त्यातूनच उभे राहिले. मूल वाचतं की पाठ म्हणतं, हे पाहायला त्याच्या जवळ बसावं लागतं. पुस्तक उघडून मधलाच शब्द दाखवावा लागतो. हे साधं काम टाळून कित्येक पिढ्यांची वर्गोन्नती झाली.

मुंबईत 1990च्या दशकात माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभ्या केलेल्या 'प्रथम' या संस्थेने हीच गोष्ट देशभर नेली. 2005पासून तिच्या 'असर' या पाहणीचे स्वयंसेवक खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देतात. गणितात वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागाकार. पेपर नाही, घंटा नाही, एका वेळी एक मूल. त्या आधी मुंबई आणि वडोदऱ्यात 'प्रथम'च्या बालसखींनी, म्हणजे वस्तीतल्याच तरुणींनी, तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना वेगळं घेऊन त्यांच्या पायरीपासून शिकवलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. सर्वाधिक फायदा सर्वांत कच्च्या मुलांना झाला होता. पुढे 2019मध्ये या दोघांना नोबेल मिळालं. बॅनर्जींच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, ही आठवण मराठी वाचकाला सुखावेल; पण बालसखींची आठवण ठेवणं जास्त गरजेचं.

चुकीत काय दडलेलं असतं, ते एकाच वजाबाकीत पाहता येईल. 52 मधून 38 वजा करायला दिले. एकाचं उत्तर 26. त्याने दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले. दुसऱ्याचं 24. त्याने दशक उसना घेतला, बारातून आठ बरोबर काढले, पण पाचाचे चार करायला विसरला. तिसरीचं 90. तिने चिन्ह न पाहता बेरीज केली, तीही अगदी अचूक. गुणपत्रकात तिघांनाही शून्य. पण पहिल्याला काड्यांचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या मोजायला लावायच्या आहेत, दुसऱ्याला उसना घेतलेला आकडा खोडून वर नवा लिहायची सवय लावायची आहे, आणि तिसरीला फक्त चिन्हाभोवती गोल काढायला सांगायचं आहे. तीन मुलं, तीन वेगळे पाठ. शिकवण्यासाठी मूल्यमापन म्हणतात ते हे, आणि त्याला पाटी-पेन्सिल आणि काड्यांपलीकडे काहीही लागत नाही.

बालभारतीने 2019मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात'सारखी संख्यानामं दिली तेव्हा केवढा गहजब झाला! भाषा बुडाली म्हणून लेख पडले. मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणितज्ञ बाई शांतपणे सांगत होत्या की संख्यानामांतल्या अंकांच्या उलट्या क्रमाने लहान मुलं गोंधळतात. सत्तावीस ऐकून 72 लिहिणारं मूल कोणत्याही दुसरीच्या वर्गात भेटतं. टीकाकारांपैकी किती जणांनी अशी एक वही तरी उघडून पाहिली होती?

दोन मतांशी या क्षेत्रातल्या जुन्या माणसांचं कधीच जमलेलं नाही. परीक्षा गेली की मुलं मोकळी झाली असं मानणारे एक. त्यांनी शिक्षणहक्क कायद्यातल्या 'नापास करू नका' याचा अर्थ 'तपासू नका' असा पसरू दिला आणि त्याची किंमत गरिबांच्या मुलांनी मोजली. शिकवणी लावणाऱ्यांच्या मुलांनी नाही. दुसरे छडीवाले. पाचवीत आणि आठवीत नापास करण्याची मुभा त्या कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने दिल्यावर त्यांना हायसं वाटलं. दुसरीत अडलेलं मूल पाचवीत नापास करून काय साधणार? तीन वर्षं ते कोणाला दिसलं नाही, याचा जाब मुलाने का द्यावा?

आणि आता तर निरीक्षणच बाजारात मिळतं. शिक्षकाने मुलाकडे पाहून स्वतःच्या शब्दांत लिहायच्या वर्णनात्मक नोंदी तयार पुस्तिकांत आणि पीडीएफमध्ये फिरतात. 'मजकूर समजपूर्वक वाचतो' हे वाक्य वर्गातल्या निम्म्या पोरांच्या नावापुढे उतरवलं जातं. 2023-24मध्ये महाराष्ट्रात तिसरी ते आठवीच्या नियतकालिक चाचण्यांचे गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटवर चढवणं सुरू झालं. आकडा वर पोहोचतो, तक्ता रंगतो. 26 लिहिणारा मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी पुढच्या धड्यावर असतो. शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. दोन-दोन इयत्ता एकत्र सांभाळून माहिती भरणाऱ्याला वह्या वाचायला वेळ कोणी ठेवलाय? आठवड्यातला एक तास माहिती भरण्यातून सोडवून एकेका मुलाचं वाचन ऐकायला दिला, तर नव्या चाचणीची गरज पडणार नाही.

ब्रॉसार्डच्या आणि बारामतीच्या पालकांना एकच विनंती. पुढच्या पालकसभेत टक्के विचारू नका, सरासरी विचारू नका. मुलाची वही मागा, एक चुकलेलं उत्तर दाखवा आणि शिक्षकांना आदराने विचारा: हे त्याने असं का लिहिलं असेल, आणि येत्या आठवड्यात वर्गात आणि घरी आपण काय करायचं?