परवाना एकाच पेरणीचा

मृगाच्या भरवशावर बी टाकलं आणि पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणी नशिबी येते. ती वर्षाचं गणित कसं मोडते, हे पिंपळनेरच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पेशीलाही दुबार पेरणी परवडत नाही. दोन होण्याआधी ती आपला सगळा डीएनए, माणसात सुमारे ६०० कोटी अक्षरं, उतरवून काढते, पण एकदाच. काही भाग दोनदा उतरला तर गुणसूत्रं तुटू शकतात. ही शिस्त सांभाळणाऱ्या एमसीएम प्रथिनांची ओळख होऊन चाळीस वर्षं उलटली.

१९८४ साली कॉर्नेल विद्यापीठात ग्रेगरी मेन, प्रतिमा सिन्हा आणि बिक टाय यांना यीस्टचे असे वाण सापडले, ज्यांना आत सोडलेली छोटी गुणसूत्रं पिढ्यानपिढ्या टिकवता येत नव्हती. ‘मिनिक्रोमोसोम मेंटेनन्स’ हे नाव त्यावरून पडलं. मला मात्र खरी झेप वाटते ती १९८८ ची. बेडकाच्या अंड्यांच्या अर्कावर काम करताना ज्युलियन ब्लो आणि रॉन लास्की यांनी तर्क मांडला: डीएनएला नकलेचा ‘परवाना’ मिळतो, नक्कल होताना तो खर्ची पडतो आणि पेशी विभागेपर्यंत नवा मिळत नाही. त्या परवान्यात एमसीएम आहेत, हे १९९५ मध्ये दिसलं.

सहा एमसीएम मिळून एक कडं होतं. नक्कल सुरू होण्यापूर्वीच अशी कडी जोडीजोडीने डीएनएवर चढवली जातात आणि निपचित बसून राहतात. वेळ आली की तीच डीएनएचा पीळ उलगडत पुढे सरकतात. मग नवं कडं चढवायला मज्जाव; माणसाच्या पेशीत जेमिनिन नावाचं प्रथिन ती वाट अडवतं.

विभागणी कायमची थांबवलेल्या पेशीत एमसीएम जवळपास नसतात. म्हणूनच कर्करोगाच्या निदानात त्यांना मोल आलं. गर्भाशयमुखात एचपीव्ही विषाणू पेशींना नको तेव्हा विभागायला लावतो आणि एरवी शांत असलेल्या वरच्या थरांतही एमसीएम दिसू लागतात.

हा विषाणू वेळीच पकडता येतो. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर स्त्रियांना घेऊन झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. एचपीव्हीची एकच तपासणी मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले होते. पिंपळनेर-साक्रीकडच्या तिशी ओलांडलेल्या मायबहिणींनो, दुखणं नसलं तरी, संकोच बाजूला ठेवून ही तपासणी करून घ्या.