उपाशीपोटी म्हणजे नेमकं कधीपासून?

भिवंडीतले यंत्रमाग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात. रातपाळी संपवून सकाळी रक्त द्यायला आलेला कामगार ‘काही खाल्लेलं नाही’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पहाटे घेतलेला साखरेचा चहा त्याच्या लेखी खाण्यात धरायचाच नसतो. ग्लुकोमीटरवर ११२ येतं आणि केसपेपरवर ‘उपाशीपोटी ११२’ अशी नोंद होते. हा आकडा शरीराचा की चहाचा, हे यंत्राला कळत नाही. ते कळतं सुई टोचण्याआधी ‘शेवटचं काय आणि किती वाजता घेतलं, चहासुद्धा?’ असं विचारणाऱ्या सिस्टरला. मधुमेहपूर्व अवस्था ओळखताना हा प्रश्न तपासणीइतकाच महत्त्वाचा आहे, कारण इथे मोजमापाची पट्टी फारच अरुंद आहे. आठ तास पाण्याखेरीज काही न घेता साखर १००च्या आत असेल तर ती ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व आणि १२६ पासून पुढे मधुमेह. त्यातही जागतिक आरोग्य संघटना ही मधली पायरी ११०पासून धरते. आणि ग्लुकोमीटरला १००च्या वर १५ टक्क्यांपर्यंतची चूक आंतरराष्ट्रीय निकषांनीच मान्य केलेली आहे. म्हणजे खरी साखर ११२ असली तरी यंत्र ९८ही दाखवू शकतं आणि १२६ही. बोटाला गोडाचा अंश राहिला, बोट फार दाबून थेंब काढला किंवा पट्ट्यांच्या डबीचं झाकण दमट हवेत उघडं राहिलं, तर फरक आणखी वाढतो. म्हणून बोटाच्या थेंबावर संशय घ्यावा. निदान मात्र शिरेतल्या रक्तावर, शक्यतो दुसऱ्यांदा तपासूनच करावं.

यावर कुणी म्हणेल, एवढी चौकशी हवीच कशाला, सरळ तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी करावी. तिला उपास लागत नाही. रातपाळीवाल्यांसाठी ही सोय मोठी आहे, हे खरं. ५.७ ते ६.४ टक्के हा तिचा मधला टप्पा. पण ही तपासणी हिमोग्लोबिनवर बसलेली साखर मोजते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाच्या कमतरतेत हा आकडा उगाच वाढलेला दिसतो, तर सिकलसेलसारख्या आजारात तो फसवा कमी येऊ शकतो. तेव्हा इथेही आधी विचारावंच लागतं: अशक्तपणा आहे का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, नुकतं रक्त चढवलं होतं का?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जो अजून आजारच नाही, त्याची धास्ती कष्टकऱ्याला का घालायची? २००६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाने याचं उत्तर दिलेलं आहे. ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० ते १९९ आलेल्या लोकांना तीन वर्षं पाहिलं. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला होता, त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याकडे नेटाने लक्ष दिलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. गोळी घेणाऱ्यांचंही जवळपास तेवढंच. म्हणजे मधुमेह अटळ नाही, आणि हे रुग्णाला तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. बारा तास मागावर उभं राहणाऱ्याला ‘रोज फिरायला जा’ म्हणणं मात्र निष्ठुरपणाचं आहे. त्याच्याशी बोलायचं ते भिशीतल्या, म्हणजे कामगारांच्या खाणावळीतल्या, ताटाबद्दल: भात थोडा कमी, डाळ-उसळ जास्त, आणि पाळीतल्या दर चहातली साखर निम्मी.

राहिला प्रश्न वेळेचा. ओपीडीतल्या रांगेत सिस्टरला एवढी फुरसत कुठून मिळणार? तक्रार रास्त आहे, आणि तिचा भार एकट्या परिचारिकेवर टाकता येणार नाही. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जोखमीचा तक्ता घरी जाऊन भरतातच. त्यात पाळीची वेळ लिहिली, तर रातपाळीवाल्याला सुट्टीच्या दिवशी, रात्रभर झोप झाल्यावर सकाळी बोलावता येईल. केसपेपरवर साखरेच्या आकड्याशेजारी ‘शेवटचं खाणं-पिणं’ असा एक रकाना छापला, तर तो भरायला अर्धं मिनिटही लागणार नाही.