गव्हाण, नखेत्र आणि शेजारचं ताट

कार्तिक पौर्णिमेला डिचोली तालुक्यातल्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीवर सजवलेल्या होड्या उतरतात, काठावर त्रिपुरासुराचा वध होतो आणि आमच्याकडची दिवाळी तेव्हा कुठे सरते. घराघरांवरचे आकाशकंदील खाली येतात. पण बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद माळ्यावर जात नाहीत. महिना उलटतो न उलटतो तोच त्याच कामट्यांची, त्याच कागदाची दुसरी वस्तू दुसऱ्या घरांवर चढते. तिला इथे नखेत्र म्हणतात. नखेत्र म्हणजे आपलं नक्षत्रच, फक्त बोलीत रुळलेलं.

ख्रिस्ती सणाच्या मुख्य खुणेला संस्कृतातून आलेला शब्द, आणि सणाच्या मराठी नावाला पोर्तुगीज मूळ! ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘नाताल’वरून आला, आणि तो लॅटिनमधल्या जन्मवाचक शब्दावरून. महाराष्ट्रातली शाळकरी मुलं नाताळची सुट्टी म्हणतात, तेव्हा गोव्याच्या वाटेनं आलेला शब्दच उच्चारत असतात.

हा लेख पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांपुरता लिहायचं एक कारण आहे. नाताळ म्हटलं की लोक पणजी, मडगाव, कळंगुट गाठतात. तिथे रोषणाई मोठी, गर्दी त्याहून मोठी. पेडणे-डिचोलीत ख्रिस्ती घरं थोडी. पेडण्यातलं सेंट जोसेफ, हरमलचं माउंट कार्मेल सायबिणीचं (सायबीण म्हणजे मरियामाता), डिचोलीतलं ग्रासा सायबिणीचं, तेरेखोलच्या किल्ल्यातलं सेंट अँथनीचं अशी मोजकी चर्चेस. भोवतीची वस्ती बहुतेक हिंदू. जिथे सगळा वाडा एकच सण करतो तिथे खुणांचा अर्थ कुणी विचारत नाही. इथे शेजारचं पोर कुंपणापाशी उभं राहून विचारतं, ‘हो तारो कित्याक?’ आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

हा फरक इतिहासानं केलेला आहे. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेले तालुके. तिथे सोळाव्या शतकातच धर्मांतरं झाली आणि 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालय, आलं. डिचोली पोर्तुगिजांच्या हाती लागली 1781-82 च्या सुमारास आणि पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून मिळालं 1788 साली. तोवर राज्यकर्त्यांचा धर्मप्रसाराचा जोर ओसरला होता. या नव्या काबिजादींत देवळांना आणि रूढींना हात लावायचा नाही, असं धोरण ठरलं. म्हणून इथला नाताळ देवळांच्या शेजारी वाढला. तेरेखोलचा किल्ला सावंतांनी बांधलेला, 1746 मध्ये पोर्तुगिजांनी जिंकलेला. आज त्याच्या तटाच्या आत चर्च आहे आणि समोर नदीपल्याड केरीचं सुरूचं बन.

आता खुणांकडे येऊ. नखेत्राची कथा मत्तयच्या शुभवर्तमानातली. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना तारा दिसला, त्याच्या मागे ते चालत निघाले, तारा बालक होतं त्या जागेवर थांबला. म्हणून ख्रिस्ती घरावरचा तारा म्हणजे ‘इथे थांबा’ अशी खूण. आपला कार्तिकातला आकाशदिवा विष्णूसाठी आणि पितरांसाठी लावतात, त्यांच्या वाटेवर उजेड असावा म्हणून. म्हणजे कामट्या त्याच, कागद तोच. पण एक दिवा गेलेल्यांसाठी आणि दुसरा येणाऱ्यांसाठी. काही नखेत्रांना खाली कागदाची लांब शेपटी असते. शुभवर्तमानात शेपटी नाही. ती बहुधा चित्रकारांची देणगी. 1301 साली हॅलेचा धूमकेतू दिसला, आणि त्यानंतर चारपाच वर्षांत जोत्तो या चित्रकारानं इटलीतल्या पादुआच्या एका प्रार्थनामंदिरात बेथलेहेमचा तारा चक्क धूमकेतू म्हणून रंगवला. हरमलच्या एखाद्या ओसरीवर फडफडणारी झिरमिळी अशी सातशे वर्षांपूर्वीच्या आकाशाशी जोडलेली आहे.

माझ्या मते मात्र या सणाची खरी खूण तारा नव्हे, गोठा. कोंकणीत गोठो. चर्चच्या आवारात, घराच्या ओसरीवर, वाड्याच्या नाक्यावर माती, गवत आणि माडाच्या झावळ्यांचा हा देखावा उभारतात. आत मरिया, जुझे, मेंढपाळ, बैल, गाढव, आणि मधोमध गव्हाण. पहिला गोठा 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या संत फ्रान्सिसनं मांडला, असं मानतात. त्यानं खरे प्राणी आणले होते आणि गव्हाणीत खरं गवत भरलं होतं. पुस्तकातली गोष्ट निरक्षर गावकऱ्यांना डोळ्यांनी दिसावी, एवढाच त्याचा हेतू. आपले कीर्तनकार आणि दशावतारी काय वेगळं करतात?

गंमत अशी की शुभवर्तमानांत गोठा हा शब्दच नाही. लूक फक्त एवढंच सांगतो की उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून आईनं बाळाला गव्हाणीत ठेवलं. बैल आणि गाढवही तिथे नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून आले. बैल आपला धनी ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखतं, माणसाला मात्र ओळख पटत नाही, अशी तिथली तक्रार आहे. म्हणजे गोठ्यातली ही दोन जनावरं शोभेची नाहीत, ती माणसाला टोमणा मारायला उभी आहेत. आणि गव्हाणीचा अर्थ तर त्याहून खोल. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचं घर’. गव्हाण म्हणजे खाणं ठेवायची जागा. जो पुढे स्वतःला भाकर म्हणवून घेणार होता, ज्याच्या नावानं चर्चमधल्या प्रार्थनेत, मिस्सेत, भाकर मोडली जाते, त्याला जन्मताच खाण्याच्या भांड्यात ठेवलं. हे रूपक गुराढोरांच्या मुलखात समजावून सांगावं लागत नाही. गव्हाण हा शब्द माहीत नसलेल्या शहरी मुलांनाच ते अवघड जातं.

गोठ्याभोवती हिरवं शेत लागतं. त्यासाठी नाताळच्या आधी दहा-बारा दिवस थाळीत माती घालून नाचणी किंवा भात पेरतात. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवून पाणी शिंपडलं की सणापर्यंत बोटभर उंच, पिवळसर हिरवी रोपं तयार. नवरात्रात घट बसवणाऱ्या कुठल्याही घराला ही थाळी ओळखीची वाटेल. आम्ही तिला रुजवण म्हणतो. ख्रिस्ती अर्थ विचाराल तर बी मातीत पडून मरतं तेव्हाच धान्य येतं, हे येशूचंच वचन योहानाच्या शुभवर्तमानात आहे. त्या थाळीत देवीच्या घटाची आठवण किती आणि योहानाचं वचन किती, याची वाटणी करायच्या भानगडीत मी पडणार नाही. नाचणीलाही ते माहीत नसावं.

या गोष्टी मराठीत सांगायचा पहिला मोठा खटाटोप गोव्यातच झाला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 साली गोव्यात आला. पुराणं सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यानं मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि ते 1616 साली सासष्टीतल्या रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. त्याच्या दुसऱ्या पुराणात ख्रिस्तजन्माची कथा येते. ज्ञानेश्वरांच्या छंदात बेथलेहेम! गोठो आणि नखेत्र या शब्दांत जे घडलं तेच इथे ग्रंथभर घडलेलं दिसतं.

नाताळचं झाड मात्र इकडे बरंच उशिरा आलं, आणि ते पोर्तुगालचंही नव्हे. त्याचं माहेर जर्मनी. मध्ययुगात 24 डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस होता. त्या दिवशीच्या नाटकात सफरचंदं टांगलेलं सदाहरित झाड स्वर्गातलं झाड म्हणून उभं करत. लोंबणारे चकचकीत गोळे हे त्या सफरचंदांचे वंशज. आज ज्या फळानं पाप आलं त्याची आठवण, उद्या त्यातून सोडवणाऱ्याचा जन्म, असा तो जोड आहे. 1848 साली व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं आणि झाड जगभर पोचलं. आमच्याकडे देवदार कुठला? सुरूची फांदी डब्यात रोवली की काम झालं. बर्फाऐवजी कापूस चिकटवतात. किनाऱ्यावर घाम पुसत कापसाचा बर्फ लावणाऱ्या पोरांना बघून हसू येतं, पण सदाहरित फांदीचा अर्थ सुरूनंही बिघडत नाही.

आता भेटवस्तू. तीन ज्ञानी राजांनी सोनं, ऊद आणि गंधरस आणला. ते तीन होते असंही मत्तय सांगत नाही. देणग्या तीन म्हणून माणसं तीन धरली. सोनं राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मरणाऱ्याला, कारण प्रेताला लावायच्या द्रव्यांत तो असे. बारशालाच मरणाची वस्तू आहेर म्हणून आणलेली! 6 जानेवारीला या राजांचं फेस्त येतं. बारदेशातल्या रेइश मागुश गावाचं नावच त्यांच्यावरून, आणि तिथलं 1555 चं चर्च बारदेशातलं पहिलं. तिथे मुलांना राजे सजवून मिरवतात.

सांता क्लॉजबद्दल मला फार प्रेम नाही, पण त्याच्या मूळ पुरुषाबद्दल आहे. चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप संत निकोलस. एका गरीब बापाला तीन मुलींच्या हुंड्याची सोय नव्हती. निकोलसनं रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या खिडकीतून टाकल्या, अशी आख्यायिका. देणाऱ्याचं तोंड दिसू नये हा त्या देण्याचा मुद्दा. लाल डगल्यातलं गुबगुबीत रूप एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांनी घडवलं आणि 1931 पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी घरोघर नेलं. निकोलस लपून देत होता, याला लपताच येत नाही.

गोव्याचं खरं देणं कुस्वादात आहे. पोर्तुगीज ‘कोन्सोआद’ म्हणजे नाताळच्या पूर्वरात्रीचं खाणं आणि त्या निमित्तानं दिलेली भेट. इथे त्याचा अर्थ झाला फराळाचं ताट. लहानपणी डिचोलीत नाताळच्या सकाळी आमच्या दारात असं ताट यायचं, वर क्रोशाचा जाळीदार रुमाल. रुमालाखाली नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बोलिन्य, पेरूची पेराद, चणाडाळीचा दोश, आणि एखाद्या वर्षी बेबिंकेची पातळ वडी. नेवरी म्हणजे आपली करंजी. चवथीला ती गणपतीपुढे असते, नाताळला त्या ताटात. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ एकत्र घोटून करतात. हात भरून येईतो ढवळावं लागतं, म्हणून ते एकटीनं होत नाही, शेजारणी लागतात. ताट देताना शेजारची मावशी एवढंच म्हणायची, ‘नाताळाचें मगो, घे.’ आई ताट घासून ठेवायची, पण परत करताना मूठभर साखर तरी घालायची. रिकामं ताट परत करायचं नाही, हा नियम दोन्ही घरांना सारखाच ठाऊक.

या ताटामागे एक कडू इतिहास आहे. 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानानं जुन्या काबिजादींतल्या ख्रिस्ती लोकांच्या कितीतरी देशी रूढींवर बंदी घातली. लग्नात फुलं, विड्याची पानं, सुपाऱ्या पाठवणंही त्यात होतं. अ. का. प्रियोळकरांच्या गोवा इन्क्विझिशनवरच्या पुस्तकात ही यादी वाचताना थक्क व्हायला होतं. सत्तेला पान-सुपारीचीही भीती वाटत होती. देवघेव तरीही टिकली. लेकीच्या सासरी पाठवायचं ओझं, आमचं व्हजें, ख्रिस्ती घरांतही उरलं.

आणि देवघेव माणसांपुरतीच नाही. सात बहिणी आणि एक भाऊ अशा देवतांची इथली जुनी कथा. त्यांतल्या काही बहिणी या भागातल्या. मोरजाई पेडण्यात मोरजीला. लइराई, केळबाय आणि महामाया डिचोलीत शिरगाव, मुळगाव आणि मयेला. आणि मिराबाय म्हापशाला, जिला ख्रिस्ती लोक मिलाग्रीस सायबीण म्हणून पूजतात. लइराईच्या देवळातून म्हापशाच्या चर्चला तेल जायचं आणि तिकडून मोगरीची फुलं यायची, असं जुनी माणसं सांगतात. बहिणी दोन धर्मांत गेल्या तरी माहेरपण चालू, ही लोकांची समजूत. मला ती कुठल्याही सौहार्दाच्या भाषणापेक्षा खरी वाटते, कारण तिच्यात तेलाचा आणि फुलांचा हिशोब आहे.

हल्ली प्लॅस्टिकचे तारे आणि आयतं गोठ्याचं खोकं बाजारात मिळतं. मोपाचा विमानतळ पेडण्यातच झाल्यापासून किनाऱ्यावरची डिसेंबरातली गर्दी वाढली आहे, आणि हॉटेलांच्या दारात सांता नाचतात. तरी वाड्यावाड्यांतून हातानं केलेल्या गोठ्यांच्या आणि नखेत्रांच्या स्पर्धा होतात, पोरं रात्री जागून माती कालवतात. दिवाळीत नरकासुराचे पुतळे करणारी पोरं ओळखीची, गोठा करणारीही तीच असली तर नवल वाटून घेऊ नका.

गोठे 6 जानेवारीपर्यंत असतात. बघायचे तर 24 डिसेंबरच्या संध्याकाळी बघा, मध्यरात्रीच्या मिस्सेआधी. तेव्हा सगळं मांडून झालेलं असतं, नाचणी उगवलेली असते, बैल-गाढव जागेवर असतात, आणि गव्हाण रिकामी असते.