जुन्या मोटारीतील न दिसणारा बदल

जुनी मोटार घ्यावयाची ठरली, की घरातील एखाद्या जाणत्या काकांना बरोबर नेण्याची रीत आपल्याकडे अद्याप टिकून आहे. काका दारावर बोटांनी टिचक्या मारून पुन्हा रंग दिला आहे काय हे ताडतात, टायरची झीज पाहतात, तेलाची पट्टी काढून थेंब चिमटीत चोळतात आणि शेवटी मान किंचित कलती करून इंजिनाचा आवाज ऐकतात. ही परीक्षा आजही वाया जात नाही. मात्र अलीकडच्या मोटारींत एक बदल असा करता येतो, की तो ना रंगात दिसतो, ना तेलात सापडतो. इंजिनावर हुकमत चालविणाऱ्या लहानशा संगणकातील मूळ आज्ञावली काढून तेथे दुसरी भरावयाची, एवढेच हे काम. बाजारात त्याला ‘रीमॅप’ किंवा नुसते ‘ट्यूनिंग’ म्हणतात, आणि ते तास-दोन तासांत उरकते.

इंजिनाचा कारभार संगणकाकडे सोपविण्याची कल्पना तशी नवी नाही. ‘बॉश’ कंपनीची ‘मोट्रॉनिक’ ही प्रणाली 1979 साली बी.एम.डब्ल्यू.च्या 732आय या मोटारीत प्रथम बसविली गेली. प्रत्येक फेरीत इंधन किती सोडावयाचे, कोणत्या क्षणी सोडावयाचे, टर्बोने हवा किती दाबून भरावयाची, हे सारे हा संगणक ठरवितो. हे आकडे निश्चित करताना कारखानदार हात राखून असतो. मे महिन्यातील ऊन, भरल्या गाडीने चढावयाचा घाट, हलक्या प्रतीचे इंधन आणि तेल वेळेवर न बदलणारा मालक, या सर्वांची तजवीज त्याला करावी लागते. ट्यूनिंग करणारा नेमकी हीच राखीव गंगाजळी खर्ची घालतो. शक्ती वाढते ही गोष्ट खोटी नव्हे, परंतु ती कोठून आली याचा हिशेब पुढे कोणाला तरी चुकता करावा लागतो, आणि तो ‘कोणी तरी’ बहुधा दुसरा मालक असतो.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. मारुतीची डिझेल ‘स्विफ्ट’ 2007 साली बाजारात आली. तिचे 1248 घनसेंटिमीटरचे इंजिन मूळचे ‘फियाट’चे. शक्ती सुमारे 75 अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे फिरविण्याचा जोर 190 न्यूटन-मीटर. हेच इंजिन ‘एर्टिगा’त 90 अश्वशक्ती देत असे. त्यामुळे विक्रेता मोठ्या विश्वासाने सांगतो, “साहेब, इंजिन एकच आहे, कंपनीने मुद्दाम बांधून ठेवले होते, आम्ही फक्त मोकळे केले.” ऐकावयास हे गोड वाटते. पण 90 अश्वशक्तीच्या त्या इंजिनाला टर्बोच निराळा, बदलत्या पात्यांचा होता. फरक केवळ आज्ञावलीचा नव्हता. मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल मोटारी विकणे थांबविले, तेव्हा आज बाजारात दिसणारी अशी प्रत्येक मोटार निदान एका मालकाच्या हातून गेलेली आहे. त्या मालकाने जोर वाढवून हौस भागविली असेल, तर मूळ जोराच्या बेताने बनविलेला क्लच त्याने किती झिजविला, हा प्रश्न घेणाऱ्याने विचारलाच पाहिजे. मध्यमवर्गीय घराने साठविलेल्या पैशांतून गाडी घ्यावी आणि वर्षाच्या आत क्लच व टर्बो दोन्ही बदलावे लागावेत, ही थट्टेची बाब नव्हे.

तपासास आरंभ करावा तो साध्या डोळ्यांनी. किल्ली फिरविताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, समोरच्या पटलावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर तो विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर त्याचे तोंड कोणीतरी बंद केले असण्याचा संभव आहे. त्यानंतर बॉनेटखाली पाहावे. आज्ञावलीला हात न लावता जोर वाढविण्याची एक क्लृप्ती आहे. इंधनाचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या आणि संगणकाच्या मध्ये एक छोटी डबी जोडतात. ती संगणकाला दाब आहे त्याहून कमी सांगते आणि तो बिचारा दाब वाढवीत राहतो. विक्रीपूर्वी डबी काढून घेतली जाते, परंतु वायरींवरचे नवे चिकटपट्टीचे वेढे, सैल झालेले जोड, कोठेतरी उरलेला प्लॅस्टिकचा पट्टा अशा खुणा मागे राहतात. संगणकाच्या पेटीवर पेचकसाचे ओरखडे किंवा कडेला उचकटून पुन्हा भरलेला चिकट द्रव दिसला, तर पेटी उघडली गेली हे उघड आहे. अर्थात पुष्कळ संगणकांत आज्ञावली पेटी न उघडताच बदलता येते, म्हणून ओरखडा नाही याचा अर्थ बदल नाही असा करू नये. धूर पुन्हा इंजिनात फिरविणाऱ्या ‘इ.जी.आर.’च्या जोडात पातळ पत्रा घालून वाट बुजविली आहे काय, आणि बी.एस.-6 डिझेल मोटारीत काजळी अडविणाऱ्या गाळणीच्या डब्यावर ताजे वेल्डिंग दिसते काय, हेही मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

मग रस्ता. मोकळ्या जागी वरच्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे दीड हजाराच्या आसपास असताना, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेरे झपाट्याने चढले आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकली नाही, तर क्लच घसरतो आहे. त्याच वेळी मागून येणाऱ्या मित्राने सायलेन्सरकडे लक्ष ठेवावे. हवेच्या मानाने इंधन अधिक सोडले, की डिझेल काळा धूर ओकते. पी.यू.सी.चे प्रमाणपत्र पुढे करून कोणी निश्चिंत करू पाहील. ती चाचणी सायलेन्सरमधून निघणारा धूर मोजते, संगणकात काय लिहिले आहे ते वाचीत नाही.

ते वाचण्याची सोय मात्र गाडीतच असते. चालकाच्या गुडघ्यांपाशी, स्टिअरिंगखाली, 16 पिनांचा एक सॉकेट आढळतो. त्यात स्कॅनर लावला, की अनेक गाड्यांत संगणक आपल्या आज्ञावलीचा क्रमांक सांगतो आणि त्या आज्ञावलीतील मजकुरावरून स्वतः हिशेब करून काढलेला एक पडताळा-आकडाही देतो. मजकूर बदलला की हा आकडाही बदलतो. गाडी अधिकृत सेवाकेंद्रात नेऊन हे दोन्ही कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहण्याची विनंती करावी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 19 जुलै 2021 पासून धुराच्या सक्तीच्या तपासणीत हीच ताडणी सुरू केली, आणि अनधिकृत आज्ञावली आढळल्यास गाडी नापास ठरते. आपल्याकडील जुन्या गाड्या हा आकडा देतीलच असे नाही, आणि काही चतुर मंडळी जुनाच आकडा दाखविण्याचीही व्यवस्था करतात. शिवाय क्रमांक निराळा निघाला तरी लगेच चोर पकडला असे समजू नये, कारण सेवाकेंद्रही कधीकधी सुधारित आज्ञावली भरते, पण तिची नोंद तेथे असते. स्कॅनरने ‘स्वयंचाचण्या अपूर्ण’ असे सांगितले, तर संगणकाची स्मृती नुकतीच पुसली गेली आहे. ती का पुसली, याचे उत्तर मागण्याचा घेणाऱ्यास हक्क आहे.

येथे एक विनोद आठवतो, कडवट खरा. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ‘फोक्सवॅगन’चे बिंग फोडले, तेव्हा तपासणी ओळखून धूर आवरणारी आज्ञावली खुद्द कारखान्यातूनच भरून आलेली होती. जगभरातील सुमारे 1 कोटी 10 लाख मोटारींत ती होती. तेव्हा केवळ गल्लीतल्या ट्यूनरला दोष देणे बरोबर होणार नाही.

कायद्याची बाजूही दृष्टीआड करू नये. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाने करावयाचा नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. उत्पादकाची हमी शिल्लक असेल तर ती अशा बदलाने धोक्यात येते. विमा कंपनीपासून बदल दडविला असेल, तर दाव्याच्या वेळी तिला हरकत घेण्यास आयते निमित्त मिळते.

म्हणून व्यवहारापूर्वी विक्रेत्यास संकोच न करता विचारावे, आणि ‘इंजिनाच्या संगणकात कोणताही बदल केलेला नाही’ हे एक वाक्य विक्रीच्या कागदावर सहीनिशी लिहवून घ्यावे. तोंडी “छे हो!” म्हणणारे पुष्कळ गृहस्थ लेखणी हातात येताच आठवू लागतात. कोणी प्रांजळपणे “होय” म्हटले, तर गाडी लगेच नाकारण्याचे कारण नाही. काम कोठे केले, किती किलोमीटर त्यावर चालविली आणि मूळ आज्ञावलीची प्रत जपून ठेवली आहे काय, हे विचारावे. मूळ आज्ञावली पुन्हा भरता येते. झिजलेला क्लच मात्र त्याने भरून निघत नाही, तेव्हा त्याचा खर्च सौदा ठरवितानाच किमतीतून वजा करून घ्यावा.