कारवारच्या वाळूवरील ‘चपल’

लातूर जिल्ह्यातील रेणापूरच्या माणसाचा सैन्याशी जो काही प्रत्यक्ष परिचय झाला, तो सगळा जमिनीवरून झालेला आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट आटोपण्यासाठी हिंदी फौजा सोलापूरच्या बाजूने संस्थानी मुलुखात शिरल्या, तेव्हाचे साक्षीदार आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरलेले नाहीत. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरल्यानंतर घरांच्या ढिगाऱ्यांतून जिवंत आणि मृत अशी दोन्ही प्रकारची माणसे उपसणारे जवान ज्यांनी पाहिले, ती पिढी मात्र अजून कर्ती आहे, आणि लष्कराचा गणवेश म्हटला की तिच्या डोळ्यांपुढे तेच दृश्य उभे राहते. आरमाराचा प्रसंग या प्रांतावर कधी आला नाही. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तेथील रहिवाशाने लढाऊ नौकांचा विचार करावा अशी अपेक्षा तरी कोणी कशी धरावी? तथापि सोलापूर, विजापूर, हुबळी असा कोरडा मुलुख ओलांडून, यल्लापूरच्या पुढे अरबैलचा घाट उतरून जो प्रवासी कारवारला पोहोचतो, त्याला राष्ट्रीय महामार्गाच्या अगदी लगत, वाळूवर विसावलेली एक क्षेपणास्त्रनौका पाहावयास मिळते, आणि समुद्रावरील युद्ध म्हणजे काय याची कल्पना ज्याने आजवर केवळ वर्तमानपत्रांतून केली असेल त्याला ती हात लावून पाहता येते. तिचे नाव ‘चपल’.

कारवार हे गाव आपल्याला अगदीच परके नाही. १८६२ पासून १९५६ पर्यंत उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होता. पुढे तो म्हैसूर राज्यात गेला आणि सीमावादाच्या कागदपत्रांत बेळगाव व निपाणी यांच्या जोडीने कारवारचेही नाव कायमचे नोंदले गेले. बाजारपेठेत आजही कोंकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषा एकाच गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकावयास मिळतात. सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे मिरीच्या व्यापारासाठी वखार घातली होती, आणि फेब्रुवारी १६६५ मध्ये बसरूरच्या सागरी स्वारीवरून परतताना शिवाजी महाराजांनी याच बंदरातून खंडणी वसूल केली तेव्हा त्या वखारवाल्यांनाही आपला वाटा मुकाट्याने मोजावा लागला होता. काळी नदी येथे समुद्राला मिळते, पलीकडच्या तीरावर सदाशिवगडाची टेकडी उभी आहे, आणि किनाऱ्याला रवींद्रनाथ ठाकुरांचे नाव आहे. कारण त्यांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ येथे जिल्हा न्यायाधीश असताना तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे मुक्कामास होते आणि ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी याच वास्तव्यात लिहिले. काव्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाळवंटावर युद्धनौका आणून ठेवण्यात कोणाला विसंगती वाटेल. मला ती फारशी वाटली नाही. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलेल्या गावाला दोन्ही गोष्टी शोभतात.

‘चपल’ ही सोव्हिएत बनावटीची, ओसा-२ वर्गातील नौका ४ नोव्हेंबर १९७६ रोजी नौदलात दाखल झाली आणि ५ मे २००५ रोजी सेवेतून निवृत्त झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ मे रोजी, कारवारनजीकचा ‘कदंब’ हा विशाल नाविक तळ कार्यान्वित झाला, ज्याच्या उभारणीसाठी कारवार आणि अंकोला तालुक्यांतील हजारो कुटुंबांना आपली घरे, शेते आणि मासेमारीचे किनारे सोडावे लागले होते. आणि हा त्याग कोणत्याही स्मारकावर कोरलेला नसला तरी या किनाऱ्याच्या परिचयात तो वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोव्हेंबर २००६ मध्ये ‘चपल’ संग्रहालयरूपाने लोकांसाठी खुली झाली.

लांबी सुमारे साडेअडतीस मीटर, भार अडीचशे टनांच्या आत, पोटात तीन प्रचंड डिझेल यंत्रे आणि वेग ताशी पस्तीस सागरी मैलांहून अधिक, म्हणजे आपल्या एस. टी. गाडीने डांबरी रस्त्यावर गाठावा इतका. पुढे आणि मागे जोडनळ्यांच्या तोफा, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार अवजड पेट्या, ज्यांतून क्षेपणास्त्रे सुटत असत. प्रत्येक क्षेपणास्त्र दोन टनांहून जड, आणि त्याच्या शिरात जवळजवळ अर्धा टन स्फोटक. हे सगळे वाचून जो प्रवासी आत शिरतो, तो प्रथम चकित होतो तो तेथील अपुऱ्या जागेने. दरवाजे इतके ठेंगणे की मान लववावीच लागते. जिने इतके उभे की वयस्कर माणसाने उलट्या तोंडाने उतरावे. आणि यंत्रे, नळ्या, दूरध्वनी व घड्याळांच्या तबकड्या यांच्या गर्दीत जी थोडी जागा उरते तीत सुमारे तीस माणसांनी झोपावे, जेवावे, आजारी पडावे आणि लढावे. अधिकारी आणि खलाशी यांचे गणवेश चढविलेले पुतळे ठिकठिकाणी बसविले आहेत. कलेच्या दृष्टीने ते बेताचेच आहेत, परंतु एका पुतळ्याशेजारी आपण उभे राहिलो की दुसऱ्या माणसाला पलीकडे जाण्यास वाट उरत नाही, आणि नाविकाचे आयुष्य कसे असते हे त्यामुळे कोणत्याही फलकापेक्षा अधिक चांगले समजते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. ‘चपल’ने १९७१ च्या युद्धात कराचीवर हल्ला केला, असे कित्येक हौशी प्रवासी मोठ्या विश्वासाने सांगतात. ती नौदलात आली तीच युद्धानंतर पाच वर्षांनी, तेव्हा हे शक्य नाही. कराचीवर गेल्या त्या तिच्या वडील पिढीतल्या, ओसा-१ वर्गातल्या नौका. आणि त्यांची हकीकत ‘चपल’च्या पार्श्वभूमीसाठी माहीत असणे आवश्यक आहे. सोव्हिएत रशियाकडून या नौका आल्या तेव्हा त्या उचलून पाण्यात सोडील एवढी यारी मुंबई बंदरात नव्हती. म्हणून त्या कलकत्त्यास उतरविल्या गेल्या आणि तेथून सबंध द्वीपकल्पाला वळसा घालून दुसऱ्या जहाजांच्या दोरखंडाने ओढत मुंबईस आणल्या गेल्या. मुळात ही जात आपल्या बंदराच्या रक्षणासाठी, किनाऱ्यालगत गस्त घालण्यासाठी घडविलेली. इंधन थोडे आणि पल्ला तोकडा. परंतु ज्या नौका एवढ्या लांबवर ओढून आणता येतात त्या शत्रूच्या दारापर्यंतही ओढून नेता येतील, हा विचार नौदलाच्या धुरीणांना या प्रवासाने सुचविला असे मानले जाते. नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांचे बालपण कराची बंदरातील मनोरा बेटावर गेलेले होते, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौका, ‘किल्तान’ व ‘कच्छल’ या मोठ्या जहाजांच्या सोबतीने, कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली कराचीच्या दक्षिणेस पोहोचल्या. ‘निर्घात’ने ‘खैबर’ ही विनाशिका बुडविली, ‘वीर’ने ‘मुहाफिज’ हे सुरुंग काढणारे जहाज बुडविले आणि ‘निपात’ने दारूगोळा नेणाऱ्या व्यापारी जहाजाचा निकाल लावला. यादवांना महावीरचक्र मिळाले, तिन्ही नौकांचे कप्तान कविना, शर्मा आणि मेहता वीरचक्राचे मानकरी ठरले, आणि ४ डिसेंबर हा दिवस नौदल दिन झाला. चारच रात्रींनंतर ‘विनाश’ या एकाच क्षेपणास्त्रनौकेने पुन्हा जाऊन किमारीच्या तेलाच्या टाक्या पेटविल्या. आणि ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली ‘खुखरी’ ही युद्धनौका बुडाली, तिच्यासोबत कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. विजयाच्या वर्णनाला हे वाक्य जोडल्याविना ते पुरे होत नाही.

नौदलात नाव मरत नाही, असा संकेत आहे. ‘निपात’, ‘निर्घात’, ‘वीर’, ‘विनाश’ ही सारी नावे पुढे नव्या, अधिक बलाढ्य नौकांना दिली गेली. परंतु ज्या पोलादावर माणसे प्रत्यक्ष उभी होती ते पोलाद टिकविणे ही निराळी आणि फार खर्चिक बाब आहे, आणि तिचा निकाल पुष्कळदा भक्तीपेक्षा हिशेबाच्या वहीत लागतो. ‘विक्रांत’चे उदाहरण ताजे आहे. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविलेली ही विमानवाहू नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली आणि काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली; पण दोनशे मीटरांहून लांब असे जहाज खाऱ्या पाण्यात तरंगत ठेवणे म्हणजे त्याचा तळ, यंत्रे आणि पाणी उपसण्याची व्यवस्था अष्टौप्रहर सांभाळणे, आणि त्यासाठी लागणारी तरतूद करण्यास कोणतेही खाते पुढे येईना. २०१२ मध्ये संग्रहालय बंद झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, २०१४ मध्ये तिचा लिलाव झाला, मग ते सर्वोच्च न्यायालयातही गेले, आणि अखेर ती मुंबईच्या दारूखाना भागात तोडली गेली. तिच्या पोलादाचा काही अंश बजाज कंपनीच्या एका मोटारसायकलीत गेला, आणि त्या गाड्या लातूरच्या रस्त्यांवरून बरीच वर्षे धावल्या. म्हणजे समुद्र न पाहिलेल्या आमच्या जिल्ह्यात ‘विक्रांत’ अशा रीतीने येऊन गेली म्हणावयाची!

‘चपल’ वाचली ती लहान होती म्हणून, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला पाण्याबाहेर काढून आधारावर बसविता आले. वर्षाकाठी गंज खरवडून तिला रंग देणे हे एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या अंदाजपत्रकाला पेलणारे काम आहे. अर्थात समुद्राचा वारा पोलादाशी कसलीच मुरवत ठेवीत नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने या किनाऱ्यावर जे मीठ व पाणी अंगावर घेतात त्यांना विश्रांती नसते. एक वर्ष जरी हेळसांड झाली तरी पत्रा पोखरू लागतो. अलीकडे याच परिसरात नौदलाचे निवृत्त झालेले ‘तुपोलेव्ह-१४२’ हे महाकाय टेहळणी विमानही आणून उभे केले आहे. प्रेक्षणीयता वाढली हे खरे, पण सांभाळण्याचे पोलादही वाढले, हेही तितकेच खरे.

मला या स्थळी सर्वांत अधिक मोलाची वाटली ती गोष्ट मात्र पोलादाची नाही. नौकेच्या शेजारीच मेजर रामा राघोबा राणे यांचा पुतळा आहे. कारवारजवळच्या चेंडिये गावी २६ जून १९१८ रोजी एका पोलीस शिपायाच्या घरी जन्मलेला हा मुलगा १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला, ब्रह्मदेशात लढला, आणि एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावर शत्रूने पेरलेले सुरुंग आणि रस्त्यात पाडून ठेवलेली झाडे दूर करण्याची कामगिरी त्याच्याकडे आली. पहिल्याच दिवशी तोफगोळ्याने मांडी जखमी झाली असता त्याने मागे जाण्याचे नाकारले. एका टप्प्यावर तर रणगाड्याखाली शिरून, रणगाड्याच्या गतीने सरपटत, दोरी ओढून चालकाला केव्हा थांबावे आणि केव्हा पुढे सरावे हे तो खुणावीत गेला. तीन दिवस हे काम चालले, वाट मोकळी झाली आणि राजौरी हाती आली. त्यांना परमवीरचक्र मिळाले, आणि ते स्वतः स्वीकारण्यास ते जिवंत राहिले, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्यास येते. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

सुरुंग काढणाऱ्या भूदलातील माणसाचा पुतळा युद्धनौकेच्या पायाशी का, असा प्रश्न चोखंदळ प्रवासी विचारील. त्याचे उत्तर असे की या माणसाचे नाव समुद्रावर केव्हाच गेले आहे. भारतीय नौवहन महामंडळाने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावे दिली, तेव्हा त्यांतील एक ‘लेफ्टनंट रामा राघोबा राणे’ या नावाने १९८४ मध्ये सेवेत आले. पंचवीस वर्षे तेल वाहून तेही निवृत्त झाले. मग २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानमधील एकवीस निनावी बेटांना एकवीस परमवीरांची नावे मिळाली, त्यांत ‘राणे द्वीप’ही आहे. तथापि येणारे बहुसंख्य लोक तोफेच्या नळीवर हात ठेवून छायाचित्र काढतात आणि पुतळ्याकडे पाठ करून भेळ खातात, हेही मी पाहिले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. यंत्र डोळ्यांत भरते. माणसाची हकीकत कोणीतरी सांगावी लागते, आणि ती सांगणारा जाणकार माणूस त्या जागी नेमणे हे रंगाइतकेच निकडीचे आहे.

महाराष्ट्रातही आता असे प्रयत्न चालू आहेत. जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेले ‘गुलदार’ हे जहाज सिंधुदुर्गातील निवतीच्या खडकांजवळ समुद्रतळाशी बसवून बुडी मारणाऱ्यांसाठी संग्रहालय करण्याची योजना आहे. ती पाहण्यास फुप्फुसे बळकट असलेलेच जातील. आमच्यासारख्यांना अधिक जवळची आहे ती कल्याणच्या खाडीवर दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी आणलेली ‘टी-८०’. इस्राएलमध्ये बांधलेली ही वेगवान गस्तीनौका २४ जून १९९८ रोजी नौदलात आली, मुंबईच्या उथळ पाण्यात घुसखोरांवर नजर ठेवीत राहिली आणि २३ सप्टेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली. ज्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ झाला असे परंपरा सांगते, तेथे ती ठेवण्याची निवड उत्तम आहे. तिची व्यवस्था ज्यांच्या हाती आहे त्यांनी एवढेच करावे: तेवीस वर्षांत तिच्यावर चाकरी केलेल्या अधिकाऱ्यांची आणि खलाशांची यादी, हुद्दा आणि गाव यांसह, नौदलाच्या दप्तरातून मागवून घ्यावी आणि चढण्याच्या शिडीपाशीच लावावी. यास येणारा खर्च रंगाच्या एका हाताहून जास्त नाही, आणि त्या यादीत एखादे गाव आमच्या बाजूचे निघाले तर रेणापूरहून कल्याणला जाणारी माणसे ते वाचावयास थांबतील.