कढीपत्त्याच्या कुंडीतलं पुस्तक

पाच वर्षांचा नोएल मूर आजारी होता. त्याच्या आईने पूर्वी बिट्रिक्स पॉटर यांना घरी येऊन शिकवलं होतं. ४ सप्टेंबर १८९३ रोजी पॉटर यांनी स्कॉटलंडहून नोएलला पत्र पाठवलं. त्यात सशांची गोष्ट होती आणि मधे मधे शाईने काढलेली चित्रं. दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या भावाला, एरिकला, बेडकाची गोष्ट गेली. नोएलने पत्र जपून ठेवलं होतं, म्हणून पुढे पॉटर यांना ते मागून घेऊन उतरवता आलं. प्रकाशकांनी नकार दिल्यावर डिसेंबर १९०१मध्ये त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापल्या. ही ‘पीटर रॅबिट’ची गोष्ट जगभर पोचली ती त्यानंतर.

एकाच मुलासाठी काढलेली ही चित्रं इतकी जिवंत कशी? पॉटर यांनी लहानपणापासून ससे पाळले होते. अळंब्यांची सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चित्रं काढली होती. पत्रातल्या त्या झरझर रेघांमागे कित्येक वर्षांचं पाहणं होतं.

घरच्या घरी चित्रपुस्तक करायचं तर सुरुवात तिथूनच करावी, आणि त्यासाठी जंगलात जायची गरज नाही. बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी असली तरी भागतं. कॉमन मॉरमॉन हे काळं फुलपाखरू कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर अंडी घालतं. महाराष्ट्राने २०१५मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉन याचंच भाईबंद. अंडं साबुदाण्याच्या दाण्याहूनही लहान, फिकट पिवळसर. त्यातून निघालेली अळी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, त्यामुळे खाऊ पाहणारे पक्षी फसतात. शेवटची कात टाकल्यावर ती एकदम हिरवीगार होते. तिला डिवचलं की डोक्यामागून लाल, दोन शिंगांसारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो.

इथे गोष्ट शोधत बसावं लागत नाही. डाव्या पानावर कढीपत्त्याचं पान आणि एक वाक्य: ‘पक्ष्याने शी केली.’ पान उलटलं की: ‘शी चालायला लागली!’ चित्रपुस्तकाची सगळी गंमत या पान उलटण्यात असते. म्हणून चित्रं काढण्याआधी कुठली गोष्ट कुठल्या पानाआड लपवायची, ते कच्च्या कागदावर आखून घ्यावं. अळी हिरवी आहे हे चित्रात दिसत असेल, तर ते शब्दांत पुन्हा सांगायचं कारण नाही. तिचा वास मात्र चित्रात येत नाही. तो शब्दांनीच आणायचा. मूल बोलेल ते वाक्य मोठ्यांनी तसंच उतरवून घ्यावं. ते ‘सुधारलं’ की पुस्तक त्याचं राहत नाही.

कागदाकडूनही काम करून घेता येतं. एरिक कार्ल यांना १९६९च्या ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ची कल्पना कागदांच्या गठ्ठ्याला पंचने भोकं पाडताना सुचली. आधी त्यांच्या मनात पुस्तकातला किडा होता. संपादक अ‍ॅन बेनेड्यूस यांनी सुरवंट सुचवला आणि गोष्टीला फुलपाखराचा शेवट मिळाला. कार्ल पातळ कागद स्वतः रंगवायचे आणि त्यातून आकार कापून चिकटवायचे. चित्रकला ‘येत नाही’ म्हणणाऱ्या आईबाबांसाठी ही पद्धत फार सोयीची आहे. कढीपत्त्याच्या पुस्तकात पानांच्या कडा कात्रीने कुरतडल्यासारख्या कापल्या, तर अळीची भूक हाताला लागते.

पानांचे ठसे घ्यायचे तर शिरा वर येतील असं पान कागदाखाली ठेवून क्रेयॉन आडवा घासावा. खरी पानं चिकटवायची असतील, तर आठ-दहा दिवस वर्तमानपत्राच्या घड्यांत, धान्याच्या डब्याखाली दाबून ठेवावीत आणि सुरुवातीला रोज कागद बदलावा. ओल राहिली की बुरशी धरते. हळदीचा पिवळा सुरेख दिसतो, पण उन्हात लवकर उडतो.

बांधणी सोपी आहे. चार कार्ट्रिज पेपर मधोमध दुमडून एकात एक घातले की सोळा पानं होतात. बाहेरून कार्डशीटचं वेष्टन घालावं. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडावीत. दाभण मोठ्यांच्या हातात असावं. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढावा, वरच्यातून आत घ्यावा, खालच्यातून बाहेर काढावा आणि मधल्यातून पुन्हा आत आणून गाठ मारावी.

शेवटची दोन पानं मात्र कोरी ठेवावीत. कधी अळीने केलेल्या कोशातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या आईने आपली अंडी आत घातलेली असतात. तसं झालं तर तेही काढावं, लिहावं. मुलं थोडी हिरमुसतात, मग प्रश्नांचा भडिमार करतात. सगळं सुरळीत गेलं, तर साधारण दहा-बारा दिवसांत, बहुधा सकाळी, कोश फुटतो. बाहेर आलेल्या फुलपाखराचे पंख ओले, चुरगळलेले असतात. पंख उलगडून वाळेपर्यंत ते फांदीला लटकून जवळजवळ स्वस्थ असतं. तेवढ्या वेळात पेन्सिल हाताशी हवी.