पन्नाशीतला पहिला ठोसा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

राहुरी परिसरात गावची यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. हलगी कडाडते, पोरं लंगोट कसतात आणि कडेला बसलेली पन्नाशी-साठीची मंडळी मान हलवत डाव ओळखत बसतात. त्यातल्या कित्येकांनी तरुणपणी अंगाला माती लावलेली असते. ‘आता आपले दिवस गेले,’ असं म्हणून ते टाळ्या वाजवतात.

अशाच एका गृहस्थांनी मला मध्यंतरी एक प्रश्न विचारला. वय चोपन्न. रक्तदाबाची गोळी चालू. मुलगी कॉलेजात बॉक्सिंग शिकते आणि घरी आली की अंगणात सराव करते. ‘तिच्याबरोबर मीही शिकू का? की लोक हसतील?’

लोकांच्या हसण्याचं सोडा. या वयात शरीर काय म्हणेल, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर असं, की शिकावं, जरूर शिकावं, पण एका अटीवर. ठोसा मारायला शिकायचं, डोक्यावर ठोसा खायचा नाही. ही अट का, ते आधी पाहू.

मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूवर माराचा परिणाम होतो, हे हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ सालीच लिहून ठेवलं. वय वाढलं की धोका आणखी वाढतो. उतारवयात मेंदू थोडा आकसतो. मग मेंदू आणि कवटीचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. तरुणाला ज्या धक्क्याने नुसती चक्कर येईल, त्याच धक्क्याने मोठ्या वयात आत रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर तो लवकर थांबतही नाही. ऑलिंपिकमध्येही चाळिशीनंतर रिंगणात उतरता येत नाही.

कुणी म्हणेल, जॉर्ज फोरमन पंचेचाळिसाव्या वर्षी जगज्जेता झालाच की! झाला, १९९४ साली. पण तो १९७३ मध्येही जगज्जेता होता. हाडात मुरलेली विद्या त्याने पुन्हा बाहेर काढली. नवशिक्याने त्याचा दाखला घेऊ नये.

मग मार खायचा नसेल, तर शिकून मिळतं काय? मिळतं ते मुख्यतः पायांना. वय वाढतं तशी स्नायूंची ताकद कमी होते, पण त्याहून लवकर कमी होतो तो झटका, म्हणजे ताकद चटकन वापरण्याची क्षमता. ओल्या फरशीवर पाय घसरला की सावरायला हाच झटका लागतो. झटपट पाऊल टाकणं, तोल न सोडता वळणं, नजर समोर ठेवणं, या गोष्टी बॉक्सिंगमध्ये पुन्हा पुन्हा घोटल्या जातात. २००६ साली अमेरिकेत इंडियानापोलिसला पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी ‘रॉक स्टेडी बॉक्सिंग’ नावाचा उपक्रम सुरू झाला, तो याच विचाराने. तिथे रुग्ण बॅगवर ठोसे मारतात, पावलं टाकतात. एकमेकांना मात्र कुणी मारत नाही.

आता शिकायचं कसं? कुस्ती खेळलेल्या माणसाला आधी एक सवय मोडावी लागते. पैलवान कमरेत वाकून डोकं पुढे काढतो, कारण त्याला समोरच्याला पकडायचं असतं. बॉक्सिंगमध्ये पकडायला बंदी, आणि पुढे आलेलं डोकं म्हणजे आयतं लक्ष्य. म्हणून इथे पवित्रा वेगळा. उजव्या हाताचा माणूस डावा पाय पुढे ठेवतो. उजव्या पायाची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालाजवळ. पुढे सरकताना आधी पुढचा पाय, मागे येताना आधी मागचा. पायांची कात्री होऊ द्यायची नाही. पहिले पंधरा दिवस एवढंच केलं तरी पुष्कळ.

ठोसा हाताने मारतात हा समज काढून टाका. तो जमिनीपासून निघतो. मागच्या पायाचा चवडा वळतो, मग कंबर, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी मूठ. मनगट सरळ हवं, आणि आघात तर्जनी व मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या हाडांवर यावा. हात गेला त्याच वाटेने गालाशी परत आणायचा. ठोशाबरोबर नाकातून ‘फुस्’ करून श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून गोळीवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

सामान फार लागत नाही. मनगटाला बांधायची कापडी पट्टी, ग्लोव्हज आणि बॅग. बॅग घरीही करता येते. पोत्यात जुने कपडे आणि चिंध्या ठासून भरा. वाळू भरू नका. ती तळाशी बसून दगडासारखी होते आणि मनगट दुखावतं. दोरीवरच्या उड्या सिमेंटवर मारू नका, मऊ मातीवर मारा. या वयात टाचेमागची शीर कडक झालेली असते, आणि घाई केली तर ती तुटू शकते.

स्पर्धेत तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिट विश्रांती असते. नवशिक्याने एका मिनिटाच्या फेरीने सुरुवात करावी आणि विश्रांतीही तेवढीच घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस पुरेत. सराव करताना एक सबंध वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येईना तर थांबा. छातीत दडपण आलं, हात किंवा जबडा दुखू लागला, तर त्या दिवशी ग्लोव्हज काढून थेट डॉक्टर गाठा. सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्याच. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या.

या संदर्भात मला मुरलीकांत पेटकर आठवतात. सांगली जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या इस्लामपूरचे. लहानपणी कुस्ती, सैन्यात गेल्यावर बॉक्सिंग. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पाय गेले. मग ते पोहायला शिकले, आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. ते तेव्हा तरुण होते, आणि त्यांची जिद्द सगळ्यांच्या आवाक्यातली नव्हे. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. शरीर बदललं तेव्हा त्यांनी शिकणं थांबवलं नाही, शिकण्याची गोष्ट बदलली.

त्या गृहस्थांना मी हेच सांगितलं. मुलीशी लढायचं नाही, मुलीकडून शिकायचं. ती तळव्यावर जाड पॅड बांधून उभी राहील, तुम्ही त्यावर मारा. मग त्यांनी अडखळत विचारलं, ‘पण तिला गुरू म्हणायचं?’

म्हटलं, बापाला सगळ्यात अवघड जाईल ते हेच. त्यामानाने ठोसा सोपा आहे.